डॉ. पंजाबराव देशमुख : व्याज सवलत योजनेमागचा माणूस

पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्याला महाराष्ट्र शासन ज्या योजनेतून व्याजाचा परतावा देते, तिचे नाव डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना. सोसायटीच्या सभेत, जिल्हा बँकेच्या काउंटरवर, कृषी सहायकाच्या बोलण्यात हे नाव वर्षभर येत असते. अकोल्याचे कृषी विद्यापीठ, सेंद्रिय शेतीचे मिशन आणि शेतकऱ्यांच्या मुलांचा वसतिगृह भत्ता यांनाही हेच नाव आहे. नाव सर्वांना माहीत आहे, पण शेतकऱ्याच्या कर्जाशी त्या माणसाचा काय संबंध होता हे फार थोड्यांना सांगता येते.

हा लेख खारदांड्यासारख्या गावातल्या वाचकांसाठीही आहे. खारदांडा मुंबई उपनगरात असले तरी ते मूळचे कोळीवाडा आहे. तिथे सातबारापेक्षा होडीची नोंदणी महत्त्वाची. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदर, कर्ज आणि विमा यांतल्या शेतकऱ्याच्या सवलती मच्छीमारांनाही मिळाव्यात, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे सरकारी मदत कोणाला, कशासाठी आणि कोणत्या अटीवर, हा जुना प्रश्न आता जाळे ओढणाऱ्या घरातही आला आहे. पंजाबरावांचे आयुष्य याच प्रश्नाभोवती गेले.

पापळ ते ऑक्सफर्ड

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. वडिलांचे नाव शामराव, आईचे राधाबाई. घर शेतकऱ्याचे. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख आणि कापूस हे रोख पैशाचे पीक. त्यामुळे गावात पैसा खेळत असे आणि त्याच्यासोबत सावकारही.

वऱ्हाडात रयतवारी पद्धत होती. जमीन कसणाऱ्याच्या नावावर असे आणि म्हणूनच ती गहाण ठेवता येई, विकताही येई. पेरणीला उचल घ्यायची, वेचणी झाली की कापूस सावकाराच्या किंवा अडत्याच्या दारात नेऊन टाकायचा आणि हिशेब तो सांगेल तसा मान्य करायचा, असा क्रम होता. दोन वर्षे पाऊस हुकला की गहाणखत आणि त्यानंतर खरेदीखत. पंजाबराव हे पाहत वाढले.

सुरुवातीचे शिक्षण पापळला, पुढे चांदूर रेल्वे व कारंजा येथे, मॅट्रिक अमरावतीला आणि नंतर पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले. मुलाच्या शिक्षणासाठी वडिलांनी शेतीवर कर्ज उभे केले, असे विदर्भात आजही सांगितले जाते. एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकून त्यांनी वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहिला, डॉक्टरेट मिळवली आणि बॅरिस्टर होऊन १९२६ मध्ये परतले.

अमरावतीत वकिली चालण्यासारखी होती. पण परत आल्यावर त्यांनी हाती घेतलेली कामे वेगळीच होती. खेड्यातल्या मुलांना शहरात राहायची सोय नव्हती, म्हणून श्रद्धानंद छात्रालय काढले. त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ झाली, तिच्यात ते पुढे होते. त्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. विमलाबाई पुढे स्वतः संसदेच्या सदस्य झाल्या. त्याच सुमारास त्यांनी शेतकरी संघाची उभारणी केली आणि शेतकऱ्यांची बाजू मांडण्यासाठी ‘महाराष्ट्र केसरी’ हे पत्र चालवले.

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करणे आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणे ही तिथली त्यांची महत्त्वाची कामे. सार्वजनिक पैशातून बांधलेली सोय गावातल्या प्रत्येकाला वापरता आली पाहिजे, ही भूमिका त्यांनी पुढेही सोडली नाही.

कर्ज लवाद : पहिली लढाई

१९३० मध्ये पंजाबराव मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून गेले आणि मंत्री झाले. शिक्षण, कृषी, सहकार व सार्वजनिक बांधकाम ही खाती त्यांच्याकडे होती. वय बत्तीस. काळ मात्र अत्यंत वाईट होता. १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि कापसाचे भाव कोसळले.

भाव पडल्यावर कर्जाचे काय होते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. समजा, शंभर रुपयांचे देणे एका गाडी कापसात फिटत होते. भाव निम्म्यावर आला की तेच देणे फेडायला दोन गाड्या कापूस लागतो. कागदावरचा आकडा शंभरच राहतो, पण शेतकऱ्याचे ओझे दुप्पट होते. शिवाय व्याज चालूच. अशा वेळी कष्ट किंवा काटकसर वाढवून मार्ग निघत नाही, कारण गडबड शेतकऱ्याच्या हातात नसलेल्या भावात झालेली असते.

शेतकऱ्याच्या कर्जात सरकारने हात घालण्याची उदाहरणे त्याआधीही होती. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी जमीन सुधारणा, बैल आणि बियाण्यासाठी तगाई कर्ज सुरू झाले. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. पण तगाई तुटपुंजी होती, अर्ज मामलेदारापर्यंत पोहोचेस्तोवर पेरणी उलटून जाई आणि सहकारी पेढ्या अजून मोजक्याच गावांत होत्या.

मध्य प्रांतात १९३३ मध्ये कर्ज लवाद कायदा झाला. या कायद्यासाठी पंजाबरावांनी धरलेला आग्रह हे त्यांच्या प्रांतिक मंत्रिपदातले सर्वात लक्षात राहिलेले काम आहे. कायद्याची रीत सोपी होती. सरकारने लवाद मंडळ नेमायचे. कर्जदाराने अर्ज करायचा. मंडळ सर्व सावकारांना बोलावून प्रत्येकाचे येणे लिहून घेणार, मुद्दल किती आणि चढलेले व्याज किती हे तपासणार, जमिनीची व पिकाची ताकद बघणार आणि दोन्ही बाजूंना पटेल अशा रकमेवर तडजोड करून हप्ते बांधून देणार. हटून बसणाऱ्या सावकाराला पुढे कोर्टात अडचण येईल अशीही तरतूद होती.

या कायद्याने कर्ज सरसकट माफ केले नाही, आणि सरकारी तिजोरीतून सावकाराचे देणेही भागवले नाही. फेडता येईल एवढेच कर्ज ठेवायचे आणि फेडायला वेळ द्यायचा, एवढीच त्याची कल्पना. आजची व्याज सवलत याच विचाराशी जुळते. तिच्यात मुद्दल शेतकऱ्याने फेडायचे असते आणि भार हलका होतो तो व्याजाचा.

१९३३ मध्ये त्यांचे मंत्रिपद संपले. त्याआधीच, १९३२ मध्ये, त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली होती. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत या संस्थेच्या शाळा व महाविद्यालये उभी राहिली. हिशेब वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला कोणताही कायदा वाचवू शकत नाही, हे लवादाच्या अनुभवातून दिसले होते. शाळा आणि कर्ज हे त्यांच्या लेखी एकाच प्रश्नाचे दोन भाग होते.

दिल्लीतली दहा वर्षे

पंजाबराव संविधान सभेचे सदस्य होते. ग्रामीण भाग आणि मागासवर्गीयांचे प्रतिनिधित्व या विषयांवर त्यांनी तिथे दुरुस्त्या मांडल्या. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते अमरावतीतून लोकसभेवर गेले आणि केंद्रीय अन्न व कृषी मंत्रालयात कृषी खात्याचे मंत्री झाले. १९६२ पर्यंत ते मंत्रिमंडळात होते.

त्या वेळच्या परिस्थितीचा अंदाज एका आकडेवारीवरून येतो. १९५१-५२ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपुरवठा पाहणी झाली आणि १९५४ मध्ये तिचा अहवाल आला. शेतकऱ्याने घेतलेल्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के होता, सरकारचा ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांचा एक टक्क्याहूनही कमी. धंदेवाईक सावकारांचा वाटा ४४.८ टक्के आणि शेतकरी-सावकारांचा २४.९ टक्के. म्हणजे शंभरातले सुमारे सत्तर रुपये सावकाराकडून येत होते. सरकारने शेतीला मदत जाहीर केली, तरी ती पोहोचवायला गावात नळच नव्हता.

हा नळ बसवण्याचे काम त्या दशकात सुरू झाले. १९५६ मध्ये राष्ट्रीय सहकार विकास व वखार मंडळ स्थापन झाले आणि १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ. माल वखारीत ठेवून पावतीवर कर्ज घ्यायचे आणि भाव आल्यावर विकायचा, ही सोय तिथून वाढत गेली. त्या मंडळातूनच १९६३ मध्ये राष्ट्रीय सहकार विकास निगम झाला. पुढे याच निगमाच्या कर्जातून किनाऱ्यावरच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी यांत्रिक नौका घेतल्या.

मत्स्यव्यवसाय त्या वेळी अन्न व कृषी मंत्रालयाकडेच होता. पहिल्या दोन पंचवार्षिक योजनांत होड्यांना इंजिन बसवण्यासाठी कर्ज व अनुदानाची मदत सुरू झाली. मत्स्य अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्यासाठी जून १९६१ मध्ये मुंबईत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था निघाली. ती आज अंधेरीत वर्सोव्याजवळ आहे, खारदांड्याहून किनाऱ्याने थोडे उत्तरेला. समुद्रातले उत्पादन हीही शेतीच, हा विचार २०२५ चा नाही. दिल्लीतल्या खात्यांच्या मांडणीत तो तेव्हाच होता. सवलतीच्या अर्जात उतरायला मात्र साठ-पासष्ट वर्षे लागली.

जपानी भातशेती : तंत्र आधी, अनुदान मागून

कृषिमंत्री म्हणून पंजाबरावांचे नाव सर्वात जास्त जोडले जाते ते भातलागवडीच्या जपानी पद्धतीशी. १९५३ मध्ये या पद्धतीची देशव्यापी मोहीम निघाली. तिचे सुरुवातीचे प्रयोग मुंबई उपनगरात, बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात झाले होते, ही गोष्ट उपनगरातल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी.

तेव्हा कोकण पट्ट्यातला शेतकरी राब भाजून सपाट जमिनीवर दाट बी फेकत असे. आवण पिवळे आणि किडके निघे. लावणीला एका चुडात मूठभर रोपे खोचली जात, ओळींचा पत्ता नसे. जपानी पद्धतीतल्या सुधारणा अशा होत्या :

- मिठाच्या पाण्यात बी टाकून तरंगणारे पोचट दाणे काढायचे.
- रोपवाटिका गादीवाफ्यावर करायची, वाफ्याला भरपूर कुजलेले खत द्यायचे आणि बी विरळ पेरायचे.
- दहा इंच बाय दहा इंच अंतरावर ओळीत लावणी करायची. एका चुडात तीन-चारच रोपे.
- ओळींतून हाताने किंवा कोळप्याने निंदणी करायची.
- कंपोस्टबरोबर अमोनियम सल्फेट व सुपर फॉस्फेट हप्त्याने द्यायचे.

यातले पहिले काम आजही तसेच करायचे आहे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतावे, वर आलेले दाणे काढून टाकावेत आणि खाली बसलेले बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवावे. याला कोणतेही अनुदान लागत नाही.

अनुदानाच्या दृष्टीने या मोहिमेचा धडा मोलाचा आहे. पाचपैकी चार सुधारणा मुख्यतः मेहनतीच्या आणि शिकण्याच्या होत्या. पैसा लागत होता तो पाचव्या, म्हणजे खताच्या सुधारणेला. सिंद्रीचा सरकारी खत कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला होता, त्यामुळे अमोनियम सल्फेट उपलब्ध होऊ लागले होते. पण लहान शेतकऱ्याकडे ते घ्यायला रोख रक्कम नव्हती. म्हणून खत सोसायटीमार्फत उधारीवर देण्याची गरज निर्माण झाली. जिथे सोसायटी सक्षम होती आणि पाणी हातात होते, तिथे पद्धत टिकली. जिथे खत वेळेवर आले नाही किंवा पाण्याचा निचरा जमला नाही, तिथे शेतकरी एक-दोन हंगामांत पुन्हा जुन्या लावणीकडे वळला.

विस्तार कार्यकर्त्यांनी यातून घ्यायची गोष्ट अशी : अनुदानाची वस्तू आणि ती वापरण्याचे ज्ञान एकाच हंगामात, एकाच माणसापर्यंत पोहोचले तरच पैसा फळतो. ठिबकचा संच शेतात पडून राहणे किंवा यंत्राचे अनुदान घेऊन यंत्र शेडमध्ये गंजणे हे आजही दिसते, आणि कारण तेच असते.

भारत कृषक समाज आणि जागतिक मेळावा

१९५५ मध्ये पंजाबरावांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली. गिरणीमालकांच्या संघटना होत्या, कामगारांच्याही होत्या आणि दोन्ही दिल्लीत आपले म्हणणे मांडत. देशातला सर्वात मोठा वर्ग असलेला शेतकरी मात्र विखुरलेला होता. त्याचे पक्षविरहित व्यासपीठ असावे, हा हेतू. मंत्रिपदावर असतानाच शेतकऱ्यांची संघटना बांधणे हे वेगळेच होते. सरकारी खुर्चीत बसूनही खुर्चीवर दबाव आणणारे कोणी तरी हवे, हे त्यांनी ओळखले होते.

१९५९ च्या डिसेंबरमध्ये कृषक समाजाच्या पुढाकाराने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. ११ डिसेंबरला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्यासोबत अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर उद्घाटनाला हजर होते. अमेरिका, सोव्हिएत संघ व चीन अशा परस्परविरोधी देशांची दालने एकाच मैदानात होती. खेड्यांतून आलेल्या शेतकऱ्यांनी तिथे ट्रॅक्टर, संकरित वाणांची कणसे आणि दूध काढण्याची यंत्रे पाहिली.

याच काळात दुसरी बाजूही घडत होती. १९५६ पासून पी. एल. ४८० कराराखाली अमेरिकेचा स्वस्त गहू देशात येऊ लागला. शहरात धान्य स्वस्त राहिले, पण देशातल्या शेतकऱ्याच्या भावावर त्याचा दाब आला. एका हाताने खत-बियाण्याची मदत द्यायची आणि दुसऱ्या हाताने भाव पाडायचा, ही विसंगती तेव्हापासूनची आहे. हमीभावाची यंत्रणा उभी राहायला बराच वेळ लागला. कृषी मूल्य आयोग जानेवारी १९६५ मध्ये नेमला गेला, आणि १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत पंजाबरावांचे निधन झाले. आयोग नेमलेला त्यांच्या हयातीत झाला, पण त्याचे काम त्यांना पाहता आले नाही.

त्यांच्या कामाच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. संघटना आणि प्रदर्शने यांत पुढे आला तो मुख्यतः जमीनदार व मध्यम शेतकरी. कूळ, बटाईदार, शेतमजूर आणि नावावर जमीन नसलेली शेतकरी स्त्री या व्यवस्थेत कडेलाच राहिली. कर्ज जमिनीच्या कागदावर मिळते, अनुदान खातेदाराला मिळते आणि कागद नसलेला माणूस रांगेत उभाच राहू शकत नाही. ही उणीव एकट्या पंजाबरावांची नव्हती. मात्र ज्या व्यवस्थेचे ते शिल्पकार होते, तिच्यात ती राहिली आणि आजही आहे.

त्यांच्या नावाने आज काय मिळते

निधनानंतर चार वर्षांनी, २० ऑक्टोबर १९६९ रोजी, अकोल्यात पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. शासनाच्या योजनांमध्ये शेतकऱ्याच्या खिशाशी थेट जोडलेली योजना म्हणजे व्याज सवलत.

तिची रीत थोडक्यात अशी. ३ लाख रुपयांपर्यंतचे अल्पमुदत पीककर्ज घेतलेल्या शेतकऱ्याने ते ठरलेल्या मुदतीत पूर्ण फेडले, तर केंद्राकडून ३ टक्के आणि या योजनेतून राज्याकडून ३ टक्के व्याज सवलत मिळते. २ लाखांचे कर्ज वर्षभर वापरले असे धरले, तर दोन्ही मिळून सुमारे १२ हजार रुपये होतात. मुदत चुकली की हे १२ हजार हातचे जातात, खाते थकीत होते आणि पुढच्या हंगामाचे कर्ज अडते.

म्हणून काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. कर्ज उचलतानाच परतफेडीची शेवटची तारीख गटसचिवाकडून किंवा बँकेकडून लिहून घ्यावी. हंगाम संपायची वाट पाहू नये.

२. नवे-जुने करताना जुने कर्ज खात्यावर पूर्ण जमा झाल्याची तारीख तपासावी आणि पावती जपून ठेवावी. एका दिवसाच्या उशिरानेही सवलत जाऊ शकते.

३. खाते आधारशी जोडलेले आहे का हे पाहावे. शेतकरी ओळख क्रमांक काढला नसेल तर काढून घ्यावा. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी तो आवश्यक झाला आहे.

४. पीककर्ज पिकासाठीच वापरावे. लग्नकार्यात किंवा घरबांधणीत गेलेले पीककर्ज मुदतीत फिटत नाही, आणि सवलत नेमकी तिथेच हुकते.

खारदांडा, वर्सोवा, मढ, गोराई भागातल्या मच्छीमारांसाठी : किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायालाही लागू झाले आहे. डिझेल, बर्फ, जाळ्यांची दुरुस्ती आणि खलाशांचा पगार असा चालू खर्च त्यातून भागवता येतो. बँक साधारणपणे नौकेची नोंदणी व मासेमारी परवाना मागते. होडी पुरुषाच्या नावावर असते. वलांडीवर बोंबील वाळवणारी आणि बाजारात पाटी घेऊन बसणारी बाई मात्र कागदावर कुठेच नसते. जमिनीच्या बाबतीत जे शेतकरी स्त्रीचे झाले, तेच इथेही होऊ शकते. बचत गट, महिला गट आणि संयुक्त दायित्व गट यांनाही कार्ड मिळू शकते, त्यामुळे महिलांनी गटामार्फत अर्ज करावा. गटाचे बँक खाते, सभेचे इतिवृत्त आणि खरेदी-विक्रीची साधी वही हे तीन कागद आधीपासून नीट ठेवले तर काम सोपे जाते.

कृषी दर्जामुळे येणारी कोणती सवलत कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या अटीवर लागू आहे, हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयातून किंवा आपल्या सहकारी संस्थेतून खात्री करूनच पुढचे पाऊल टाकावे. परतफेडीचे हप्तेही मासळीच्या हंगामाशी जुळवून मागावेत. पावसाळी बंदीत होड्या किनाऱ्यावर असतात आणि घरात पैसा नसतो. हप्ता त्याच महिन्यांत आला तर चांगला कर्जदारही थकबाकीदार होतो. कर्ज लवादाच्या मंडळांनी नव्वद वर्षांपूर्वी हप्ते बांधताना जमिनीची व पिकाची ताकद पाहिली होती. आज बँकेने आणि विस्तार कार्यकर्त्याने तशीच समुद्राची आणि हंगामाची चाल पाहायला हवी.

विस्तार कार्यकर्त्यांना एक काम लगेच करता येईल. या महिन्याच्या गावबैठकीत आपल्या सोसायटीतल्या कर्जदारांची यादी घ्यावी आणि मागच्या वर्षी मुदत चुकल्यामुळे किती जणांची व्याज सवलत गेली ते मोजावे. ज्यांची गेली त्यांच्याकडे जाऊन कारण विचारावे. तारीख माहीत नव्हती, माल विकला गेला नव्हता की कागद अपुरा होता? तारखेचा प्रश्न फलकावर तारीख लिहून सुटतो, विक्रीचा प्रश्न वखार पावतीवरच्या तारण कर्जाने काही अंशी सुटतो आणि कागदाचा प्रश्न तलाठी कार्यालयात किंवा नौका नोंदणीच्या टेबलावर सोबत जाऊन सुटतो.